कालचा नेम, आजची गोळी

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे ऑलिंपिकमधील रायफल नेमबाजीचा एक अंतिम सामना झाला. पन्नास मीटरांवरील लक्ष्याचा वेध घ्यावयाचा, आणि तोही तीन आसनांत : गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावचा स्वप्निल कुसाळे या सामन्यात ४५१.४ गुण मिळवून तिसरा आला. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय.

या स्पर्धेच्या आरंभी एक गोष्ट घडते. तिच्याकडे सामान्य प्रेक्षकाचे फारसे लक्ष जात नाही. गुण मोजण्यास सुरुवात होण्यापूर्वी नेमबाजांना तयारीसाठी काही वेळ देतात. प्राथमिक फेरीपूर्वी हा वेळ पंधरा मिनिटांचा असतो. त्या अवधीत प्रत्येक नेमबाज चाचणीच्या गोळ्या झाडतो, त्या कोठे पडतात ते पाहतो, रायफलीवरील बारीक चक्री किंचित फिरवतो, पुन्हा झाडतो. या गोळ्यांचे गुण धरले जात नाहीत. विद्यार्थी मित्रहो, येथे तुमच्या मनात साहजिकच एक शंका येईल. हे नेमबाज वर्षानुवर्षे सराव करणारे, रायफल त्यांची स्वतःची, आणि कालच्या सरावात तर नेम अगदी मध्यावर बसलेला होता. मग आज पुन्हा चाचणी कशासाठी? रात्रीतून रायफल का बदलते?

या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा मिळाले, आणि तेही एका मुलावर अन्याय केल्यानंतर. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

१९९३ सालची गोष्ट. आमच्या शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक होते व त्या पथकाची जबाबदारी माझ्याकडे होती. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी चांदमारी होती. चांदमारी म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा. तिच्या मागे गोळ्या अडवण्यासाठी मातीचा उंच बांध असतो. सप्टेंबरातल्या एका ओल्या, ढगाळ सकाळी मुलांनी पंचवीस यार्डांवरून प्रत्येकी पाच गोळ्या झाडल्या. नववीतल्या एका मुलाच्या पाचही गोळ्या कागदाच्या ऐन मध्यावर, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळजवळ लागल्या. शिबिराच्या स्पर्धेसाठी निवडलेल्या यादीत मी त्याचे नाव सर्वांत वर लिहिले.

दसरा झाला, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले आणि आम्ही पुन्हा चांदमारीवर गेलो. तोच मुलगा, तीच रायफल, तेच अंतर. या वेळी त्याच्या पाचही गोळ्या मध्यापासून सुमारे दोन इंच खाली आणि डावीकडे गेल्या. मला संताप आला. मी सर्वांच्या देखत त्याला म्हणालो, “पहिला नंबर लागला म्हणून डोक्यात हवा गेली वाटते!” तो एवढेच म्हणाला, “सर, मी नेम मध्यावरच धरला होता.” मला ती सबब वाटली. मी त्याचे नाव खोडले आणि त्याच दुपारी यादी पाठवून दिली.

संध्याकाळी सामान आवरताना आमच्या प्रशिक्षक हवालदारांनी सप्टेंबरचा कागद आणि त्या दिवसाचा कागद एकावर एक ठेवून आकाशाकडे धरले. ते म्हणाले, “सर, पुंजका बघा. तेव्हाबी रुपयात मावत होता, आजबी मावतोय. पोरगं चुकलेलं नाही. काहीतरी सरकलंय.”

हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. गोळ्या विखुरणे आणि गोळ्या सरकणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि मी त्यांची गल्लत केली होती. ज्याचा हात थरथरतो, जो श्वास आवरत नाही, जो चाप हिसक्याने ओढतो, त्याच्या गोळ्या कागदभर पसरतात. ज्याच्या गोळ्या एकाच ठिकाणी, पण नको त्या ठिकाणी लागतात, त्याची बाब वेगळी. रोज बरोबर पाच मिनिटे मागे असणारे घड्याळ बिघडलेले नसते; ते नीट लावलेले नसते, इतकेच.

मग प्रश्न उरतो तो असा, की एकदा लावलेले हे घड्याळ आपोआप मागेपुढे का होते?

प्रथम नेम बसवणे म्हणजे काय ते पाहू. बंदुकीची गोळी सरळ रेषेत जाते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः नळीतून सुटताक्षणीच ती इतर कोणत्याही वस्तूप्रमाणे खाली पडू लागते. छात्रसेनेत आणि ऑलिंपिकच्या पन्नास मीटरांच्या सामन्यात ज्या बोराची रायफल वापरतात, तिची शिशाची गोळी साडेपाच मिलिमीटरांहून किंचित जाड आणि वजनाने सुमारे अडीच ग्रॅम असते. ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने सुटते, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी हळू. पन्नास मीटर जाण्यास तिला सेकंदाचा जवळजवळ सहावा हिस्सा लागतो, आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून १२ ते १३ सेंटिमीटर खाली येते. म्हणून नळी मुळातच किंचित वर रोखलेली असावी लागते. डोळ्यापाशी असलेली बॅकसाइट आणि नळीच्या टोकाशी असलेली फोरसाइट यांची रचना अशी करतात, की डोळा सरळ लक्ष्याच्या मध्याकडे पाहत असला तरी नळी त्याच्या थोडी वर पाहत असते. नजरेची रेषा आणि गोळीची वक्र वाट या दोन्ही लक्ष्यावर एकत्र आणणे, याचेच नाव नेम बसवणे.

आता यातील सूक्ष्मता पाहा. ऑलिंपिकच्या या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, आणि त्याच्या बाहेरचे प्रत्येक कडे ८ मिलिमीटर रुंद असते. दोन साइटांमधील अंतर पाऊण मीटर धरले, तर पन्नास मीटर हे अंतर त्याच्या सुमारे सदुसष्ट पट होते. तुम्ही भूमितीत समरूप त्रिकोण शिकला आहात; येथे तोच नियम लागू पडतो. बॅकसाइट एक दशांश मिलिमीटर, म्हणजे तुमच्या वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी जरी सरकली, तरी लक्ष्यावर गोळी साडेसहा मिलिमीटरांहून अधिक सरकते. म्हणजे जवळजवळ एका गुणाचा फरक! कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पालथे पडून झाडावयाच्या पन्नास मीटर प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. तेव्हा साठ गोळ्यांत त्यांचे ६०० पैकी ५९७ गुण झाले होते. एका कागदाच्या जाडीला किती मोल आहे, ते या आकड्यावरून ध्यानात येईल.

ही एवढीशी जाडी कोठकोठून येते, याचा आता विचार करू. आमच्या चांदमारीवरील उत्तर रायफलीतच दडलेले होते, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

हवालदारांनी प्रथम काय केले, तर त्या मुलाच्या जागी ते स्वतः पालथे पडले आणि त्याच रायफलीने त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. वीस वर्षे फौजेत काढलेला तो माणूस. त्यांच्याही गोळ्या खाली आणि डावीकडेच गेल्या. झाडणारा बदलला तरी दोष बदलला नाही, म्हणजे तो झाडणाऱ्यात नव्हता. मग त्यांनी रायफल उलटी केली. नळीचा भाग लाकडी दस्त्याला ज्या स्क्रूंनी आवळलेला असतो, त्यांपैकी पुढचा स्क्रू त्यांनी पेचकसाने तपासला. तो अगदी सहज जवळजवळ अर्धा वेढा फिरला.

स्क्रू कोणी सैल केला नव्हता. तो लाकडाने सैल केला होता. लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते व फुगते. पावसाळ्यात तुमच्या घराचे दार चौकटीत अडकू लागते आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप सुटे होते, त्याचे कारण हेच. लाकूड लांबीला जवळजवळ मुळीच वाढत नाही. रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे जाडीला मात्र वाढते. भाद्रपदात फुगलेल्या दस्त्यावर घट्ट बसलेला स्क्रू आश्विनाच्या उन्हात दस्ता आक्रसताच सैल पडला, आणि नळी आपल्या खोबणीत तिळभर वेगळी बसू लागली.

तिळभराने एवढा फरक का पडावा? गोळी सुटते तेव्हा नळी स्थिर नसते, हे त्याचे कारण. सतारीची तार छेडावी तशी स्फोटाच्या धक्क्याने नळी थरथरते. त्या थरथरीत नळीचे तोंड ज्या क्षणी जेथे असेल, तेथून गोळी बाहेर पडते. दर वेळी थरथर सारखी असेल, तर गोळ्याही एकाच जागी पडतात. पण नळी लाकडाला कोठे टेकली आहे आणि स्क्रूने किती आवळली आहे यांत फरक झाला, की थरथरीचा बाजच बदलतो. सतारीचा पडदा सरकवला तर स्वर बदलतो, तद्वत्. यावर उपाय म्हणून चांगल्या रायफलींची नळी पुढे कोठेही लाकडाला लागू देत नाहीत. मागच्या भागाची बैठक कडक होणाऱ्या रसायनाने भरून घेतात, आणि स्क्रू आवळताना पीळ मोजणारा पेचकस वापरतात. आज वरच्या दर्जाच्या अनेक रायफलींचे दस्ते ॲल्युमिनियमचे असतात, त्याचेही एक कारण हेच. मला स्वतःला जुना अक्रोडाचा दस्ता हातात धरायला अधिक आवडतो. पण आवड ही निराळी गोष्ट आहे आणि नेम ही निराळी.

नळीची आतली बाजूही रोज सारखी नसते. या काडतुसातील शिशाच्या गोळीवर मेणासारखा लेप असतो. गोळ्या झाडताना त्याचा पातळ थर नळीत पसरतो, आणि पुढच्या गोळ्या त्या थरावरून सरकत जातात. नळी पुसून लख्ख केल्यावर पहिल्या काही गोळ्या बहुधा भलतीकडे जातात. थर पुन्हा जमला, की त्या वळणावर येतात. शिस्तीच्या हौसेने मी मुलांकडून प्रत्येक सरावापूर्वी नळ्या घासून घेत असे, आणि मग पहिल्या गोळीवरूनच त्यांना बोल लावीत असे!

काडतुसांची कथा थोडक्यात सांगतो. एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसे असली, तरी वेगवेगळ्या वेळी तयार झालेल्या गटांत दारूचे प्रमाण, गोळीचे माप आणि लेप यांत सूक्ष्म फरक राहतो. म्हणूनच पेट्यांवर गटाचा क्रमांक छापलेला असतो, आणि मोठे नेमबाज आपली रायफल पकडीत आवळून निरनिराळ्या गटांची काडतुसे आधी पारखून घेतात. गोळीचा वेग सेकंदाला केवळ सहा मीटरांनी कमी झाला, तर पन्नास मीटरांवर ती चार-पाच मिलिमीटर अधिक खाली येते. हा हिशेब तुम्ही वर दिलेल्या आकड्यांवरून स्वतः करून पाहू शकाल. उष्णतेनेही वेग बदलतो. थंडीत काडतुसातील दारू थोडी मंद जळते आणि तो लेपही घट्ट होतो. माघातल्या पहाटे बसवलेला नेम वैशाखातल्या दुपारी जसाच्या तसा उतरत नाही. किंबहुना एकाच दुपारी सावलीत ठेवलेली पेटी आणि उन्हात तापलेली पेटी यांतही फरक पडू शकतो.

आता वाऱ्याकडे वळू. हा विषय सर्वांत मनोरंजक आहे. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने आडवा वारा वाहत असेल, म्हणजे झाडाची पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर पन्नास मीटरांवर ही गोळी दोन सेंटिमीटरांहून अधिक बाजूला ढकलली जाते. मघाच्या लक्ष्यावर हा दोन ते तीन गुणांचा तोटा झाला. शिवाय नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत असते. फिरणाऱ्या वस्तूला बाजूने ढकलले, तर ती केवळ बाजूला जात नाही. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्याने डावीकडे जाताना किंचित वर चढते, आणि डावीकडच्या वाऱ्याने उजवीकडे जाताना किंचित खाली उतरते. त्यामुळे वारा उलटसुलट वाहत असेल, तर पुंजका तिरपा लांबट होतो.

यापुढची गोष्ट तर बुद्धीला उलटीच वाटते. वाऱ्याने कमी हलावे म्हणून गोळी जितकी वेगवान तितकी चांगली, असे कोणीही म्हणेल. पण या बोराच्या रायफलीत ध्वनीहून वेगवान गोळी वाऱ्याने अधिक भरकटते आणि हळू गोळी कमी! कारण असे, की वाऱ्याने होणारे विचलन गोळी किती वेळ हवेत आहे यावर अवलंबून नसते. हवेने तिची गती रोखली नसती तर जितका वेळ लागला असता, त्याहून प्रत्यक्षात किती अधिक लागला, त्या वाया गेलेल्या वेळावर ते अवलंबून असते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास व त्याच्या थोडे वर हवेचा विरोध एकाएकी फार वाढतो. त्यामुळे वेगवान गोळी आपला वेग फार झपाट्याने गमावते. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीहून हळू ठेवतात, ती काही बारूद वाचवण्यासाठी नव्हे.

उघड्या मैदानावर नेमबाजांच्या पुढे लहान निशाणे लावलेली असतात, ती वाऱ्याची दिशा व जोर कळावा म्हणून. पण काल निशाण उजवीकडे फडफडत असताना नेम बसवला आणि आज ते डावीकडे फडफडते आहे, तर कालचा नेम दोन्ही बाजूंनी चुकतो : काल धरलेली वाऱ्याची सूट आज नको असते, आणि आजची सूट अजून धरलेली नसते. याशिवाय दुपारच्या वेळी तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर चढते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरची गाडी थरथरताना तुम्ही पाहिली असेल. त्या लहरींमधून पाहताना लक्ष्यच जेथे आहे तेथे दिसत नाही. नेम अचूक धरलेला असतो, पण तो लक्ष्यावर नव्हे, तर त्याच्या सरकलेल्या प्रतिमेवर.

प्रकाशाचाही असाच खेळ चालतो. छात्रसेनेच्या रायफलीची फोरसाइट म्हणजे एक बारीक उभे पाते. ऊन एका बाजूने आले, की त्या पात्याची एक कड चकाकते आणि डोळा पात्याचा मध्य चुकवतो. झाडणाऱ्याला याची कल्पनाही नसते. त्याला सारे मध्यावरच दिसत असते. आमचे हवालदार उन्हाच्या दिवशी पेटलेल्या कंदिलाच्या ज्योतीवर फोरसाइट धरून तिला काजळी चढवीत. मला ती त्यांची खास युक्ती वाटे. पुढे कळले, की पाते चमकू नये म्हणून काजळी लावण्याची ही रीत नेमबाजांत जुनीच आहे.

आणि शेवटी झाडणारा स्वतः. मघाशी मी म्हटले, की सरकलेला पुंजका हा नेमबाजाचा दोष नसतो. ते सर्वस्वी खरे नाही. माणूसही रोज नवा असतो. काल गाल दस्त्यावर जेथे टेकला होता त्याच्या थोडा खाली आज टेकला, तर डोळा बॅकसाइटच्या मागे वेगळ्या ठिकाणी येतो. काल अंगात नुसता सदरा होता आणि आज स्वेटर आहे, तर रायफल खांद्यात वेगळी बसते. दंडाला अडकवलेला पट्टा एक भोक अधिक आवळला, तर धक्क्याच्या वेळी रायफल वेगळी उसळते. माणूस हे सर्व पाचही वेळा सारखेच करतो; म्हणून पुंजका घट्ट येतो, पण दुसरीकडे.

यातही सर्वांत फसवा दोष स्नायूंचा. पालथे पडल्यावर शरीराची स्वाभाविक रोख एका दिशेला असते. ती लक्ष्याच्या थोडी डावीकडे असेल, तर आपण नकळत हाताने रायफल उजवीकडे रेटून नेम जुळवतो. चाप ओढण्याच्या क्षणी लक्ष चापाकडे जाते, रेटा ढिला पडतो आणि रायफल आपल्या स्वाभाविक जागी परत जाऊ लागते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. नेम धरावा, डोळे मिटावेत, एक-दोन श्वास सावकाश घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम तेथेच असेल तर ठीक; सरकलेला असेल, तर हात न रेटता कंबरेपासून सबंध शरीर वळवावे. ही परीक्षा रिकाम्या रायफलीने, प्रशिक्षकासमोर आणि चांदमारीवरच करावयाची असते, हे सांगणे न लगे. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा आपण सर्व जण ऐकत आलो. पण बाण सोडण्यापूर्वी त्याची पावले कोठे होती, याची चौकशी कोणी करीत नाही.

इतकी कारणे वाचून तुमचे मन गोंधळले असेल. त्यात आणखी एक भर घालणे मला भाग आहे. कधी कधी यांपैकी एकही कारण नसते आणि पुंजका तरीही सरकलेला दिसतो. पाच गोळ्या म्हणजे पाचच गोळ्या. त्यांचा मध्यबिंदू हा केवळ एक अंदाज असतो. पुढच्या पाच गोळ्यांचा मध्य त्यापासून थोडा दूर जाणारच. एका चाचणी परीक्षेतील गुणांवरून विद्यार्थ्याची योग्यता ठरवू नये, असे मी शिक्षकांच्या सभांत पुष्कळदा सांगितले आहे. पण एका गोळीवरून साइटची चक्री फिरवणारे नेमबाज मी त्याहून अधिक पाहिले. पहिली गोळी डावीकडे गेली म्हणून चक्री उजवीकडे, दुसरी उजवीकडे गेली म्हणून पुन्हा डावीकडे. असे करणारा माणूस आपल्याच सावलीचा पाठलाग करीत असतो. त्यात चक्रीच्या मळसूत्रालाही थोडी ढिलाई असते. उलट दिशेने फिरवल्यास पहिला अंश कधी कधी वायाच जातो.

म्हणून जाणते नेमबाज एक वही बाळगतात. तारीख, वेळ, ऊन कोठून, वारा कसा, काडतुसांचा गट कोणता, नळी कधी पुसली, पट्टा कितव्या भोकात, चक्री कोणत्या अंकावर आणि पुंजका कोठे, हे सारे तीत लिहिलेले असते. आरंभी सांगितलेली ती चाचणीची पंधरा मिनिटे कशासाठी असतात, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. काल जो नेम बसवला, तो एकट्या रायफलीचा नव्हता. रायफल, काडतूस, हवा, उजेड आणि माणूस या पाचांचा मिळून तो एक मेळ होता, आणि आज तो मेळ पुन्हा जमला आहे की नाही, हे गोळी झाडल्यावाचून कळत नाही.

त्या मुलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात बोलावले. यादी पुढे गेलेली होती, ती परत आणता येण्यासारखी नव्हती. शिबिराला दुसरा मुलगा जाणार होता. हे मी त्याला सांगितले, आणि चूक माझी होती हेही सांगितले. तो थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग त्याने विचारले, “सर, तो स्क्रू आता आवळला का?”

“आवळला.”

“मग मला एकदा पाच गोळ्या मिळतील का? कुठे पडतात ते बघायचं होतं.”

पुढच्या सरावाला मी त्याला सर्वांच्या आधी पाच गोळ्या दिल्या. पुंजका पुन्हा मध्याजवळ आला होता, पण नेमका मध्यावर नव्हता. एक बोटभर उजवीकडे होता. हवालदारांनी डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे पाहिले. मी नव्या वहीत लिहिले : ‘सकाळ आठ, ऊन उजवीकडून, वारा नाही, स्क्रू घट्ट, काडतुसांची पेटी नवी.’ मुलगा माझ्या खांद्यावरून वहीत वाकून पाहत होता.

“सर,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी याच वेळेला येऊ. पण काडतुसं जुन्या पेटीतली द्या.”